वनौषधींचा अर्क विरुद्ध जिवाणू-बुरशी: झोनच्या व्यासावर किती विश्वास ठेवायचा?

रानवाटा

हिरडा (फळाची साल), तुळस (पानं) आणि कडुनिंब (पानं) या तिघांच्या अर्कांची रोगकारक जिवाणू आणि बुरशींवर चाचणी करायची आहे. आराखडा असा:

सावलीत वाळवून पूड. १० ग्रॅम पूड १०० मिलि मेथनॉलमध्ये ७२ तास. गाळून मेथनॉल उडवायचं आणि उरलेला अर्क डीएमएसओ या द्रावकात १०० मिग्रॅ/मिलि या प्रमाणात विरघळवायचा. म्युलर-हिंटन अगारवर (जिवाणू वाढवायचं घट्ट माध्यम) वेल पद्धत, अगारमध्ये ६ मिमीचं भोक म्हणजे वेल, प्रत्येकीत १०० मायक्रोलिटर. जिवाणू: स्टॅफिलोकोकस ऑरियस, ई. कोलाय, स्यूडोमोनास एरुजिनोसा. बुरशी: कॅन्डिडा अल्बिकन्स, अ‍ॅस्परजिलस नायजर, ट्रायकोफायटन रुब्रम. तुलनेसाठी जिवाणूंना अँपिसिलिन, बुरशींना फ्लुकोनाझोल. ३७ अंश से., २४ तास, मग झोन, म्हणजे वेलभोवतीचं वाढ न झालेलं वर्तुळ, मोजायचा.

प्रश्न एकच. ज्या अर्काचा झोन सर्वांत मोठा, तो सर्वांत प्रभावी असं लिहिता येईल का? आराखड्यात आणखी कुठे भोकं असतील तर तीही दाखवा.

अगारवाला

भोकं तर अगारमध्ये पाडायचीच आहेत :)

उत्तर: नाही लिहिता येणार. झोनचा व्यास दोन गोष्टींवर ठरतो. अर्कातला घटक किती मारक आहे, आणि तो अगारमधून किती लांब पसरतो. हिरड्यातलं गॅलिक आम्ल लहान आणि पाण्यात विरघळणारं, ते सहज पसरतं. कडुनिंबातले लिमोनॉइड तेलकट स्वभावाचे. अगार म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, त्यामुळे ते वेलच्या भिंतीला चिकटून बसतात. म्हणजे कडुनिंबाचा ८ मिमी आणि हिरड्याचा १८ मिमी झोन आला, तरी त्यावरून कोण वरचढ हे कळत नाही. कोण जास्त पळतो तेवढं कळतं.

एकाच अर्काच्या वेगवेगळ्या मात्रांची तुलना मात्र झोनवरून करता येते.

कंट्रोल_कुठाय

आराखड्यात डीएमएसओची रिकामी वेल दिसत नाही. माझं नाव सार्थ करायची संधी दिल्याबद्दल आभार.

किमान एवढं हवंच:

१. नुसता डीएमएसओ, अर्काइतकाच. निव्वळ डीएमएसओचे १०० मायक्रोलिटर काही जिवाणूंवर स्वतःच छोटा झोन देतात. तो कळला नाही तर अर्काच्या नावावर जमा होतो.
२. नुसतं माध्यम, जिवाणू न लावता. काही वाढलं तर माध्यमच दूषित.
३. जिवाणू लावलेली, वेल नसलेली प्लेट. लॉन (जिवाणूंचा सलग थर) एकसारखा येतो का ते पाहायला.
४. अर्काची स्वतःची निर्जंतुकता. १०० मायक्रोलिटर अर्क न्यूट्रिएंट अगारवर पसरून २४ ते ४८ तास ठेवायचा. वाळलेल्या पाल्यात बॅसिलसचे बीजाणू असतातच आणि मेथनॉलने ते मरत नाहीत. अल्कोहोलमध्ये काढलाय म्हणजे निर्जंतुक, हा समज चुकीचा.
५. ज्ञात औषध, ज्ञात जिवाणूवर. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (चाचणीसाठीचा प्रमाणित वाण) वर जेंटामायसिनच्या १० मायक्रोग्रॅम डिस्कचा (औषध भिजवलेल्या कागदी चकतीचा) झोन १९ ते २६ मिमीच्या आत यायला हवा. बाहेर गेला तर त्या दिवसाच्या सगळ्या प्लेटा बाद, अर्काचा झोन कितीही देखणा असो.

आणि अँपिसिलिन बदला. स्यूडोमोनास एरुजिनोसा अँपिसिलिनला उपजतच दाद देत नाही. तुमच्या तक्त्यात 'औषध ६ मिमी (म्हणजे नुसती वेल, झोन नाहीच), अर्क ९ मिमी' असं येईल आणि कुणीतरी 'अर्क प्रतिजैविकापेक्षा सरस' असा निष्कर्ष काढून मोकळं होईल. तिन्ही जिवाणूंना चालणारं जेंटामायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन घ्या.

बुरशीनामा

जी गोष्ट अँपिसिलिनची तीच फ्लुकोनाझोलची. अ‍ॅस्परजिलसवर फ्लुकोनाझोल चालत नाही. त्याला अँफोटेरिसिन बी किंवा व्होरिकोनाझोल घ्या. कॅन्डिडा अल्बिकन्सला फ्लुकोनाझोल ठीक, पण त्याच्या झोनची कड जिवाणूंसारखी चाकूने कापल्यासारखी नसते. आत बारीक बारीक वसाहती दिसतात. वाढ जिथे ठळकपणे कमी होते तिथे मोजायचं, त्या बारीक वसाहतींकडे दुर्लक्ष करून.

कॅन्डिडासाठी साधं म्युलर-हिंटन नको. त्यात २ टक्के ग्लुकोज आणि मिलिलिटरला ०.५ मायक्रोग्रॅम मिथिलिन ब्लू घाला. ग्लुकोजने वाढ भरघोस होते, निळ्या रंगाने कड स्पष्ट होते. २० ते २४ तास.

'३७ अंश, २४ तास' हे सरसकट सगळ्यांना लावलंय ते तर अजिबात जमणार नाही. ट्रायकोफायटन रुब्रमला २८ ते ३० अंश आणि आठवडा, कधी त्याहून जास्त. २४ तासांत प्लेट उघडली तर सगळी प्लेटच झोन दिसेल!

शिवाय धागे सोडणाऱ्या बुरशींना वेल पद्धत मुळात सोयीची नाही. अ‍ॅस्परजिलस नायजरचे बीजाणू जरा हवा लागली की उडतात, झोनच्या मध्यभागी जाऊन बसतात आणि तिथे नवी काळी वसाहत तयार होते. त्यासाठी माध्यमातच अर्क मिसळण्याची पद्धत घ्या. सवडीने लिहितो.

काढेवाले

मला एक मूलभूत शंका आहे. आपल्याकडे या वनस्पती काढा, फांट, चूर्ण अशाच वापरल्या जातात. मेथनॉल कोणी पीत नाही. मग पाण्याचा अर्क सोडून मेथनॉलचा का तपासायचा? जे वापरतात तेच तपासा ना.

मुळारंभ

@काढेवाले, मुद्दा अर्धा मान्य. 'काढा गुणकारी आहे का' हा प्रश्न असेल तर काढाच तपासायला हवा. 'या झाडात जिवाणूरोधक घटक आहे का' हा प्रश्न असेल तर द्रावक बदलून पाहावंच लागतं, कारण पाण्यात न उतरणारे घटक काढ्यात येतच नाहीत. शिवाय उकळल्याने काही घटक नष्ट होतात. आर्टेमिसिनिनचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तू यूयू यांच्या गटाने १९७१ मध्ये उष्णता टाळून, कमी उकळबिंदूच्या ईथरने अर्क काढला तेव्हा कुठे तो हिवतापाच्या परजीवीवर खात्रीने चालला. त्याच कामाला २०१५ चं नोबेल मिळालं. परजीवी वेगळा, पण द्रावकाचा धडा तोच.

लसणाचंही तसंच. अ‍ॅलिसिन अख्ख्या पाकळीत नसतं, ठेचल्यावर विकर (एन्झाइम) काम करतं तेव्हा बनतं. अख्ख्या पाकळ्या थेट गरम अल्कोहोलमध्ये टाकल्या तर विकर आधीच मरतं आणि अर्क निष्प्रभ निघतो. मग 'लसूण निरुपयोगी' असा निष्कर्ष.

आता @रानवाटा यांच्या अर्काबद्दल.

वाळवणं: सावलीत, हवा खेळती, तापमान ४० अंशांच्या आत. पान चुरडल्यावर कुरकुरलं पाहिजे आणि लागोपाठ दोन वजनं सारखी आली पाहिजेत. तुळशीचं तेल उडणारं आहे, ती ओव्हनमध्ये टाकलीत तर त्यातलं युजेनॉल ओव्हनला मिळेल.

दळणं: भरड पूड. पिठासारखी बारीक केली तर गाळणकागद तुंबतो आणि गाळणं रात्रभर चालतं.

भिजवणं: १:१० प्रमाण बरोबर आहे. पण ७२ तास एकाच मेथनॉलमध्ये ठेवण्यापेक्षा २४-२४ तासांनी तीनदा नवं मेथनॉल घाला, शेकरवर. एकदा द्रावक घटकांनी भरत आलं की पुढे फारसं काही ओढत नाही. तिन्ही गाळ एकत्र करा.

उडवणं: रोटरी इव्हॅपोरेटर, ४० अंश. नंतर डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारं बंद भांडं) वजन स्थिर होईपर्यंत. इथे घाई झाली की अर्कात मेथनॉल उरतं आणि तेच झोन देतं. उतारा टक्क्यांत काढून लिहाच: कोरड्या अर्काचं वजन भागिले पुडीचं वजन गुणिले १००.

साठवण: लहान लहान कुप्यांत वाटून, गडद काचेत, उणे २० अंशांवर. एकच बाटली रोज वितळवून पुन्हा गोठवू नका.

आणि सर्वांत आधी: वनस्पतीतज्ज्ञाकडून ओळख पक्की करून घ्या आणि हर्बेरियम नमुना (वाळवून जपलेली फांदी) जमा करून त्याचा क्रमांक लिहा. तुळशीच्याच जवळच्या कितीतरी जाती एकमेकींसारख्या दिसतात.

हिरवागार

पानांच्या मेथनॉल अर्कात क्लोरोफिल इतकं येतं की डीएमएसओमध्ये गडद हिरवं डांबर तयार होतं. आधी हेक्झेनने धुऊन घेतलं तर चालेल का?

मुळारंभ

चालेल, बरंचसं मेण, मेद आणि हिरवा रंग निघून जातो. पण तो हेक्झेनचा भाग फेकू नका, तोही तपासा. कडुनिंबातलं कामाचं काही त्याच्याबरोबर गेलेलं असू शकतं.

पिपेटधारी

वेलचं गणित कोणी केलं नाही म्हणून करतो. ६ मिमी व्यास, अगारची जाडी ४ मिमी. पाय (π) गुणिले ३ चा वर्ग गुणिले ४, म्हणजे ११३ घनमिमी. म्हणजे वेल काठोकाठ भरली तर ११३ मायक्रोलिटर. त्यात १०० ओतायचे म्हणजे प्लेट उचलताना हात जरा हलला की अर्क पृष्ठभागावर सांडणार आणि झोन अंडाकृती येणार. ५० ते ७५ ठेवा. आणि अगार ४ मिमी येण्यासाठी ९० मिमीच्या प्लेटमध्ये साधारण २५ मिलि ओतावं लागतं, सपाट जागेवर. अंदाजाने ओतलेल्या पातळ प्लेटमध्ये झोन मोठा दिसतो, जाड प्लेटमध्ये लहान.

दुसरी गडबड तळाशी होते. कॉर्क बोररने गोळी काढताना अगार तळापासून सुटतो, मग अर्क खालून पसरतो आणि वर विचित्र, एका बाजूला झुकलेला झोन दिसतो. वेलच्या तळाशी वितळलेल्या अगारचा एक थेंब टाकून बूड बंद करायचं. गोळी सुईने उकरू नका, हलक्या सक्शनने उचला.

भरल्यावर प्लेट लगेच उलटी करू नका, हे वेगळं सांगायला नको. डिस्कची प्लेट उलटी ठेवतात, वेलची सुलटी.

डिस्कप्रेमी

म्हणूनच डिस्क वापरा म्हणतो. ना बूड गळत, ना सांडत.

पिपेटधारी

६ मिमीच्या डिस्कमध्ये २० मायक्रोलिटरच्या वर काही मावत नाही. १०० मिग्रॅ/मिलि अर्काचे २० मायक्रोलिटर म्हणजे २ मिग्रॅ. वेलमध्ये याच्या कितीतरी पट जातं. शिवाय टॅनिनसारखे घटक कागदाच्या सेल्युलोजलाच धरून बसतात. हिरड्यासाठी डिस्क म्हणजे अर्काला खोलीत कोंडून तो बाहेर का येत नाही असं विचारण्यासारखं.

डिस्कप्रेमी

जास्त मावतं हा गुण की दोष? वेलमध्ये १० मिग्रॅ ओतून आलेला झोन जेंटामायसिनच्या १० मायक्रोग्रॅमच्या झोनशेजारी ठेवतात. हजार पट माल! त्यावर 'तुल्यबळ' असा शेरा. हे रोखायचं तर आधी डिस्कची शिस्त बरी. टॅनिनचं मान्य.

आणि डिस्क वापरणाऱ्यांसाठी: मेथनॉलमधला अर्क डिस्कवर टाकून पूर्ण सुकवता येतो, डीएमएसओ हवेत सुकत नाही, त्याचा उकळबिंदू १८९ अंश आहे. ओली डिस्क ठेवली की अर्क भोवती ओघळतो. डिस्कसाठी मेथनॉल, वेलसाठी डीएमएसओ, अशी विभागणी ठेवा.

लॉनमोवर

इनॉक्युलमवर (प्लेटवर लावायच्या जिवाणूंच्या द्रवावर) कोणीच बोललं नाही? झोनची निम्मी भांडणं तिथेच असतात.

०.५ मॅकफारलंड (द्रवाच्या गढूळपणाचं मानक) म्हणजे मिलिलिटरला साधारण १.५ × १० चा ८ वा घात इतके जिवाणू. मानक घरीच बनतं: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड (डायहायड्रेट) ०.०५ मिलि अधिक १ टक्का सल्फ्युरिक आम्ल ९.९५ मिलि. ६२५ नॅनोमीटरला शोषण ०.०८ ते ०.१३ यायला हवं. आदल्या दिवशीच्या ताज्या वसाहती घ्या, फ्रीजमधली जुनी प्लेट नको.

द्रव तयार झाल्यापासून १५ मिनिटांत स्वॅब (कापूस लावलेली काडी) लावायचा. बुडवलेला स्वॅब नळीच्या भिंतीवर दाबून जास्तीचा द्रव काढायचा, मग प्लेट ६० अंशांनी फिरवत तीनदा पूर्ण पृष्ठभागावर, शेवटी काठाने एक फेरी. ३ ते ५ मिनिटं सुकू द्या. पाणी साचलेल्या प्लेटवर लॉन वाहतो.

जिवाणू कमी पडले तर झोन फुगतो, जास्त झाले तर आकसतो. म्हणून वेगवेगळ्या दिवशीच्या, डोळ्यांच्या अंदाजाने केलेल्या प्लेटांची तुलना म्हणजे निव्वळ करमणूक. बाकी ३५ अंश, १६ ते १८ तास जिवाणूंना पुरेत.

एकओळी

झोन आलाच नाही तर तक्त्यात ० लिहायचं की ६?

लॉनमोवर

व्यास वेल धरून मोजत असाल तर ६ हा 'काही नाही'चा आकडा आहे. पण तो तसाच छापला की वाचणाऱ्याला '६ मिमीचा परिणाम' वाटतो. 'झोन नाही' असं अक्षरांत लिहा.

बुरशीनामा

कबूल केल्याप्रमाणे, माध्यमात अर्क मिसळण्याची पद्धत.

वितळलेला अगार ४५ ते ५० अंशांवर आला की त्यात अर्क मिसळा. त्याहून गरम असताना नको, थंड झाला तर गुठळ्या होतात. डीएमएसओचं अंतिम प्रमाण १ टक्क्याच्या आत, आणि तेवढाच डीएमएसओ घातलेली नियंत्रण प्लेट. बुरशीच्या वाढत्या वसाहतीच्या कडेवरून ५ किंवा ६ मिमीची गोळी कापून मधोमध उलटी ठेवा, धागे खाली. मध्यभागातून गोळी घेऊ नका, तिथले धागे म्हातारे असतात.

नियंत्रण प्लेटमधली वसाहत काठाजवळ पोचत आली की मोजा. ती काठाला टेकल्यावर मोजलं तर तिची वाढ थांबलेली आणि चाचणीतली चालू, मग अर्काचा प्रभाव आपोआप कमी दिसतो. काटकोनात दोन व्यास, सरासरी, त्यातून गोळीचा व्यास वजा. मग (नियंत्रण वजा चाचणी) भागिले नियंत्रण गुणिले १००.

१०० टक्के रोध आला तर गोळी उचलून स्वच्छ माध्यमावर ठेवा. तिथे वाढली तर अर्क फक्त रोखतोय, मारत नाहीये.

आकडेमोड

आता खरं काम. @रानवाटा, झोन ही चाळणी समजा. तुलना करायची तर किमान रोधक मात्रा, म्हणजे एमआयसी काढा. ९६ खोल्यांच्या मायक्रोप्लेटमध्ये द्रव माध्यमात घटकाला पसरायला अगार आडवा येत नाही.

डीएमएसओमधला १०० मिग्रॅ/मिलि साठा म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये ५० पट पातळ करा: २ मिग्रॅ/मिलि, डीएमएसओ २ टक्के. पहिल्या खोलीत याचे २०० मायक्रोलिटर, पुढच्या प्रत्येकीत नुसता ब्रॉथ १००. पहिलीतून १०० उचलून दुसरीत, मिसळून तिसरीत, असं शेवटपर्यंत आणि शेवटच्या खोलीतले १०० फेकून द्या. दर खोलीला टीप बदला, नाहीतर टीपला चिकटलेला अर्क पुढे जात राहतो.

०.५ मॅकफारलंडचा द्रव ब्रॉथमध्ये १५० पट पातळ करून प्रत्येक खोलीत १०० मायक्रोलिटर. अंतिम जिवाणू मिलिलिटरला ५ लाख. अर्काच्या अंतिम मात्रा १०००, ५००, २५०, १२५, ६२.५ मायक्रोग्रॅम/मिलि अशा उतरत. डीएमएसओ पहिल्या खोलीतही १ टक्काच. काठावरच्या खोल्यांत चाचणी लावू नका, त्या आधी सुकतात. त्यांत निर्जंतुक पाणी भरा.

कॅन्डिडासाठी आरपीएमआय १६४० माध्यम, पीएच ७.०, आणि पेशी फारच कमी: अंतिम मिलिलिटरला ५०० ते २,५००. जिवाणूंइतक्या पेशी टाकल्या तर कोणतंही औषध निकामी दिसेल.

मारक मात्रा हवी असेल तर स्वच्छ खोल्यांतून १० मायक्रोलिटर अगारवर टाका. ५ लाखांचे ९९.९ टक्के मेले म्हणजे मिलिलिटरला ५०० उरले, म्हणजे १० मायक्रोलिटरमध्ये ५ वसाहती. ५ किंवा कमी असतील ती मात्रा जिवाणूनाशक.

हिरवागार

पण अर्क ब्रॉथमध्ये पडल्या पडल्या गढूळ होतो. वाढ झाली की नाही ते दिसणार कसं?

आकडेमोड

रिझाझुरिन हा रंग, ०.०१५ टक्के, खोलीला ३० मायक्रोलिटर. जिवंत पेशी असतील तर निळ्याचं गुलाबी होतं.

कंट्रोल_कुठाय

थांबा, हिरड्याच्या बाबतीत हा सापळा आहे. पॉलिफिनॉल स्वतःच क्षपण करणारे, ते जिवाणू नसतानाही रिझाझुरिन गुलाबी करू शकतात. म्हणून प्रत्येक मात्रेसाठी अर्क + ब्रॉथ + रिझाझुरिन, जिवाणूविना, अशी समांतर ओळ लावायचीच. ती गुलाबी झाली तर रंग विसरा आणि प्रत्येक खोलीतला थेंब अगारवर टाकून वाढ पाहा. कष्टाचं आहे, पण फसवत नाही.

टॅनिनचे आणखी दोन खेळ. एक, ते माध्यमातल्या प्रथिनांना धरून साका करतात, तो वाढीसारखा दिसतो. दोन, ते लोह बांधून ठेवतात. जिवाणू उपाशी राहतो आणि आपण त्याला 'मारक घटक' म्हणतो. माध्यमात जादा लोह घालून पुन्हा चाचणी घ्या. परिणाम गायब झाला तर कारण कळलं.

शिवाय हिरड्याचा अर्क आम्लधर्मी. अर्क मिसळलेल्या ब्रॉथचा पीएच मोजा. मग नुसत्या ब्रॉथला आम्ल घालून तेवढ्याच पीएचवर आणा आणि जिवाणू वाढतो का पाहा. नाही वाढला तर हिरड्याऐवजी लिंबानेही हेच केलं असतं.

काढेवाले

लिंबाला नावं ठेवू नका!

पाण्याच्या अर्काबद्दल विचारायचं होतं. तो एका दिवसात आंबतो. ऑटोक्लेव्ह केला तर?

मुळारंभ

१२१ अंशांवर अर्क शिजतो, तुम्ही वेगळाच पदार्थ तपासाल. काढा गार झाला की लगेच गोठवून शुष्क करा (लायोफिलायझर), पूड ठेवा, लागेल तेव्हा पाण्यात विरघळवून ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढा. गाळणीवर काही घटक अडकतात, ते गृहीत धरा. डीएमएसओमधला अर्क गाळायचा तर गाळणी नायलॉन किंवा पीटीएफईची. सेल्युलोज नायट्रेटची डीएमएसओत टिकत नाही.

सुगंधी

तुळशीचं तेल वेगळं काढून तपासणार असाल तर एक सूचना. ते उडतं. एका प्लेटमध्ये तेलाची वेल आणि शेजारी दुसऱ्या अर्काची वेल ठेवली तर झाकणाखाली वाफ भरते आणि सगळ्यांचेच झोन फुगतात. मायक्रोप्लेटमध्ये तेलाच्या खोलीशेजारच्या खोल्या औषधाविनाच स्वच्छ दिसतात. तेलाला वेगळी प्लेट, मध्ये रिकाम्या खोल्या आणि वर चिकटपट्टीचं झाकण. पाण्यात मिसळायला ट्वीन ८०, ०.५ टक्क्याच्या आत, आणि त्याचंही नियंत्रण.

अगारवाला

ई. कोलाय आणि स्यूडोमोनासवर काही न आल्यास हिरमुसू नका. त्यांच्यासारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंना बाहेरचं जास्तीचं आवरण असतं आणि आत शिरलेलं बाहेर फेकणारे पंपही जोरदार. वनस्पतिज घटक स्टॅफिलोकोकसवर चालतात आणि यांच्यावर नाही, हे नेहमीचं चित्र.

पंपांवरून आठवलं. दारुहळदीतलं बर्बेरिन स्टॅफिलोकोकसचा नॉर-ए हा पंप बाहेर फेकतो. २००० साली असं दिसलं की बर्बेरिन बनवणाऱ्या बर्बेरिस जातीच्या झुडपांतच तो पंप अडवणारं मेथॉक्सीहिडनोकार्पिन असतं. ते एकटं जिवाणूला काही करत नाही, पण बर्बेरिनला आत टिकू देतं. त्यामुळे शुद्ध घटक कच्च्या अर्काहून दुबळा निघाला तर लगेच शुद्धीकरणाला दोष देऊ नका.

डिस्कप्रेमी

स्यूडोमोनासच्या प्लेटवर आणखी एक. तो स्वतः हिरवं-निळं रंगद्रव्य सोडतो. कडुनिंबाचा अर्कही हिरवा. झोनची कड मोजताना प्लेट काळ्या पार्श्वभूमीवर, तिरप्या उजेडात धरा आणि रंग न पाहता लॉन कुठे संपतो ते पाहा.

सुरक्षारक्षक

यातले बहुतेक जोखीम गट २ चे (माणसाला आजार करू शकणारे) सूक्ष्मजीव आहेत, स्वयंपाकघरात करायचे प्रयोग नव्हेत. अ‍ॅस्परजिलसच्या प्लेटा आडव्या प्रवाहाच्या लॅमिनारमध्ये (गाळलेली हवा बाहेर सोडणारं कपाट) उघडू नका. तो प्लेटला वाचवतो आणि बीजाणू तुमच्या तोंडावर सोडतो. जैवसुरक्षा कपाटच हवं. झाल्यावर प्लेटा पिशवीत सैल बांधून १२१ अंशांवर किमान ३० मिनिटं. गच्च बांधलेल्या पिशवीत वाफ शिरत नाही. मेथनॉल बेसिनमध्ये ओतू नका.

रानवाटा

भरभरून मिळालं. दोन गोष्टी विचारतो. एमआयसी किती आली तर अर्क 'चांगला' म्हणायचा? आणि एका प्लेटवर एकाच अर्काच्या तीन वेल घेतल्या तर तीन पुनरावृत्ती धरता येतील ना?

आकडेमोड

दुसरं आधी: नाही. एकच इनॉक्युलम, एकच प्लेट, एकच दिवस. त्या तीन वेलनी फक्त तुमची पिपेट नीट चालते हे कळतं. तीन वेगवेगळ्या दिवशी, नव्याने वाढवलेल्या कल्चरवर करा. अर्कसुद्धा पाल्याच्या वेगवेगळ्या तोडणीतून काढता आला तर उत्तम, कारण ऋतूनुसार घटक बदलतात. एमआयसीची सरासरी साधी काढू नका, मात्रा दुपटीने चढतात. मध्यक किंवा भौमितिक सरासरी द्या.

पहिलं: २००५ मध्ये रिओस आणि रेसिओ यांनी सुचवलेली मर्यादा बरेच जण मानतात. कच्च्या अर्कासाठी १ मिग्रॅ/मिलिच्या वर चाचणीच घेऊ नये, आणि १०० मायक्रोग्रॅम/मिलि किंवा खाली आलं तरच लक्ष द्यावं. शुद्ध घटकासाठी १० मायक्रोग्रॅम. तुमची वेल १०० मिग्रॅ/मिलिची आहे, म्हणजे वरच्या मर्यादेच्या शंभर पट. अगारमध्ये गेल्यावर ती पातळ होते हे खरं, पण वेलच्या काठाशी जे मरतं ते इतक्या दाट अर्कात मरतं, त्यावरून फार काही सिद्ध होत नाही.

काढेवाले

म्हणजे ५ मिग्रॅ/मिलिला चालणारा अर्क कुचकामी?

अगारवाला

पोटात घ्यायचा असेल तर रक्तात ५ मिग्रॅ/मिलि मात्रा पोचणं जवळजवळ अशक्य. कातडीवरच्या लेपात किंवा गुळण्यांत तेवढी मात्रा थेट जागेवर मिळू शकते. त्यामुळे हिरड्याच्या गुळण्यांसाठी तो आकडा अगदीच टाकाऊ नाही. पण मग माणसाच्या पेशींवरची विषाक्तता त्याच मात्रेला तपासा. पेशी आणि जिवाणू दोन्ही मरत असतील तर ते औषध नव्हे, फिनाईल.

लॉनमोवर

@रानवाटा, मूळ प्रश्न होता तीन अर्कांचा क्रम लावण्याचा. तक्ता असा करा: आडव्या ओळीत सूक्ष्मजीव, उभ्या रकान्यांत प्रत्येक अर्काची एमआयसी, मारक मात्रा आणि उतारा टक्के. झोनचा रकाना ठेवायचाच तर वेलमध्ये किती मिग्रॅ घातलं ते शेजारी, आणि क्रम त्यावरून लावू नका. उतारा यासाठी की हिरड्याचा अर्क एका ग्रॅम सालीतून कितीतरी जास्त निघतो. एमआयसी दुप्पट असली तरी एका ग्रॅम सालीत पानांपेक्षा जास्त 'ताकद' असू शकते. एका ग्रॅम पुडीतून निघालेल्या अर्काचे मिग्रॅ भागिले एमआयसी (मिग्रॅ/मिलिमध्ये): एवढा अर्क किती मिलि ब्रॉथमध्ये वाढ रोखू शकतो ते येतं. उदाहरणार्थ ३०० मिग्रॅ उतारा आणि ०.५ एमआयसी म्हणजे ६०० मिलि. ८० मिग्रॅ आणि ०.२५ म्हणजे ३२० मिलि.

रानवाटा

म्हणजे क्रम दोन निघतील, एक अर्काचा आणि एक झाडाचा. दोन्ही देतो. ट्रायकोफायटनला गोळीची पद्धतच घेऊ ना? आणि डीएमएसओ १ टक्का तिलाही चालेल?

बुरशीनामा

हो, गोळीच. डीएमएसओचं उत्तर नियंत्रण प्लेट देईल: डीएमएसओ घातलेल्या आणि न घातलेल्या प्लेटमधली वाढ सारखी आली तर चालेल, नाही आली तर ०.५ टक्क्यावर उतरा. पहिली वसाहत पुरेशी मोठी होऊन गोळ्या कापायलाच दोन आठवडे लागतील, ते आजच लावून टाका.